विलक्षण असल्याचा दाखला

मार्च संपत आला की अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बरमधला बर्फ वितळतो, रस्त्यांतले खड्डे उघडे पडतात आणि आमच्या ओळखीच्या घराघरांत व्हिसाची बोलणी सुरू होतात. कुणाच्या भाचीचं कामाच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव आलं, कुणाच्या कंपनीनं ऐन वेळी अर्जच भरला नाही, कुणाचं पासपोर्टवरचं आडनाव डिग्रीवरच्या आडनावाशी जुळत नाही. परवा बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसलेली मुलगी फोनवर सांगत होती, "नाही यार, सिलेक्ट नाही झालं. आईला अजून सांगितलं नाहीये, तू पण नको सांगूस." विद्यापीठाचा थांबा आला, तिनं टोपी कानांवर ओढली आणि ती उतरून गेली.

अशा वेळी मला माझा स्वतःचा जुना व्हिसा आठवायला हवा. त्यात आठवण्यासारखं पुष्कळ होतं. पण दर वर्षी मला आठवतात ते माल्कम आणि जीन. हे दोघं इंग्रज. आमच्या शेजारचं घर त्यांनी भाड्यानं घेतलं तेव्हा दोघांनी पन्नाशी ओलांडली होती. माल्कम विद्यापीठात काच फुंकायच्या कामावर आला होता. रसायनशास्त्राच्या प्रयोगांना जी चित्रविचित्र भांडी लागतात, वळणावळणांच्या नळ्या, एकात एक बसवलेले फुगे, ती दुकानात मिळत नाहीत. कुणीतरी ज्योतीसमोर बसून ती फुंकावी लागतात. हे काम येणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

गोऱ्या माणसालाही व्हिसा लागतो, हे माझ्या नागपूरच्या मावशीला आजतागायत पटलेलं नाही. "काय सांगून राहिली तू? अगं, त्यांचंच ना ते सगळं?" ती फोनवर म्हणाली होती. मी तिला इतिहास समजवायला घेतला, पण तेवढ्यात तिच्या कुकरची शिट्टी झाली आणि विषय राहिला.

मावशीला तरी कशाला हसायचं, माझीही समजूत फारशी वेगळी नव्हती. मला वाटायचं, यांना इथे रुळायला काय लागणार? भाषा त्यांची, चेहरा इथल्यासारखा, नाव कुणी दोनदा विचारत नाही. पण झालं उलटंच. आम्ही निघालो तेव्हा आम्हाला निदान माहीत होतं की आपण परदेशात चाललोय. त्यांना ते इथे येऊन कळलं. जीनला पन्नाशीनंतर पुन्हा गाडीची परीक्षा द्यावी लागली आणि ती पहिल्यांदा नापास झाली, कारण उजवीकडे वळताना ती थेट समोरून येणाऱ्या गाड्यांच्या रांगेत शिरली. इथल्या कर्जफेडीची नोंद नाही म्हणून बँकेच्या लेखी तिला पूर्वायुष्यच नव्हतं. हॉटेलात चहा मागितला की बर्फ घातलेला यायचा, आणि घरच्या किटलीत पाणी उकळायला तिच्या मते अर्धं आयुष्य जायचं. तिकडे ती शाळेच्या ग्रंथालयात होती, इथे नवऱ्याच्या मागून आलेल्या बायकांना मिळतो तसला, काम करायची परवानगी नसलेला व्हिसा तिला मिळाला. तेव्हा ती चालायला जायची. आमच्या भागात विद्यार्थी सोडले तर कुणी चालत नाही. दर दोन-चार दिवसांनी एखादी गाडी थांबायची आणि काच खाली करून कुणीतरी विचारायचं, "आर यू ओके, मॅम?"

"मी ठीकच असते गं," जीन मला म्हणाली, "पण इतक्या लोकांनी विचारलं की मलाच शंका यायला लागते."

माल्कमची गंमत वेगळी होती. दुकानातल्या मुलीनं "हाउ आर यू टुडे?" विचारलं की तो प्रामाणिकपणे सांगायचा, "नॉट टू बॅड." त्याच्या गावी याचा अर्थ सगळं उत्तम चाललंय. मुलीचा चेहरा पडायचा. एकदा एकीनं त्याला "होप इट गेट्स बेटर" म्हणून एक बिस्किटाचा पुडा फुकट दिला. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी नको इतकी हसले, कारण मला तो मनुष्य एकदम ओळखीचा वाटला. आमच्याकडेही कसं काय विचारल्यावर 'बरं आहे' म्हणतात. मुलगा कलेक्टर झाला, मुलीचं लग्न ठरलं, घराची वास्तुशांत झाली, तरी बरंच असतं. 'छान' म्हटलं तर दृष्ट लागायची.

माझे बाबा नागपूरला शाळेत इंग्रजी शिकवायचे. मी लिहिलेल्या निबंधाखाली ते लाल शाईनं 'फेअर' असं लिहीत. त्याच्या वर काय असतं ते मला कधी कळलं नाही. बोर्डात मी शाळेत पहिली आले तेव्हा ते "ठीक आहे" म्हणाले आणि सायकल पुसायला गेले. शेजारी पेढे देताना त्यांचा आवाज अभिमानानं चांगलाच चढला होता, हे आईनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. तोवर मी इथे आले होते, आणि माझ्या पहिल्या नोकरीतल्या वार्षिक अहवालात 'मी अमुक करण्याचा प्रयत्न केला' असं पानभर लिहून साहेबांना गोंधळात पाडलं होतं. "प्रयत्न केलास की केलंस?" त्यांनी विचारलं होतं. केलं होतं. पण तसं लिहिणं म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणं, असं मला वाटायचं.

मग मी ती वाजवायला शिकले. शिकले म्हणजे पोटापाण्याला लावली. विद्यापीठात माझं काम तेच आहे. प्राध्यापक संशोधनाचे प्रस्ताव लिहितात आणि मी ते अमेरिकन कानांना ऐकू येतील अशा आवाजात लिहून देते. 'काही निरीक्षणं हाती आली' याचं मी 'या क्षेत्रातला पहिलाच शोध' करते, अर्थात तो तसा असेल तर. इतक्या वर्षांत माझ्या हाताला त्याची सवय झाली आहे, तोंडाला मात्र अजून झालेली नाही.

तर त्या वर्षीचा वसंत. माल्कमच्या साध्या व्हिसाची सहा वर्षं ऑगस्टमध्ये संपत होती. पुढे राहायचं तर एकच रस्ता होता, असं वकिलानं सांगितलं. 'एक्स्ट्राऑर्डिनरी ॲबिलिटी', म्हणजे विलक्षण गुणवत्ता असलेल्या माणसांचा व्हिसा. विद्यापीठ अर्ज करायला तयार होतं. अट इतकीच की माल्कम विलक्षण आहे, हे कागदोपत्री सिद्ध करायला हवं.

एका इंग्रजाला तो विलक्षण असल्याचा दाखला आणायला सांगणं, यातली क्रूरता त्या वकिलाच्या लक्षात आली नसावी. माल्कमनं इमानदारीत तिकडच्या तीन जुन्या साहेबांना पत्रं धाडली. तिघांनी लगेच उत्तरं दिली. ती अर्जाला जोडली, अर्ज गेला, आणि एप्रिलमध्ये, अंगणातले पिवळे डॅफोडिल नुकते उमलले होते तेव्हा, इमिग्रेशनच्या ऑफिसचं पत्र आलं. सादर केलेल्या पत्रांवरून अर्जदार आपल्या क्षेत्रात असामान्य असल्याचं दिसून येत नाही, तरी अधिक पुरावा पाठवावा.

रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी ते प्रकरण माझ्या टेबलावर ठेवलं. "तू शेजारीच राहतेस ना?" ते म्हणाले. मी ती तीन पत्रं वाचली. पहिल्यात लिहिलं होतं की माल्कमच्या कामाबद्दल तक्रारीला कधी जागा सापडली नाही. दुसऱ्यात, 'क्वाइट अ गुड ग्लासब्लोअर', शिवाय वक्तशीर. तिसऱ्या साहेबांनी लिहिलं होतं की मनुष्य मुळीच वाईट नाही.

मी ते कागद घेऊन त्याच्याकडे गेले. त्यानं पत्रं आधी वाचलीच नव्हती, दुसऱ्याचं पत्र वाचू नये म्हणून. आता त्यानं चष्मा लावला, सावकाश वाचली आणि तिसऱ्या पत्रावर बराच वेळ थांबला.

"ते असं लिहितील असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. त्यानं चष्मा काढून पुसला. "इतके वाहवत जाणारे गृहस्थ नाहीत ते."

मी त्याला समजावलं की इथे 'क्वाइट गुड' म्हणजे बेताचा. त्याला ते आधी खरं वाटेना. मग त्यानं खुर्चीला पाठ टेकली आणि विचारलं, "म्हणजे सहा वर्षं मी इथल्या लोकांच्या कामाला क्वाइट गुड म्हणत आलो, ते..."

"हो," मी म्हटलं.

"अरे देवा," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं विभागातल्या दोन मदतनीस बायकांची माफी मागितली.

त्यानंतर आमचे रविवार त्यांच्या स्वयंपाकघरात जायला लागले. मुदत जून अखेरची होती. बाहेर विद्यार्थी वर्ष संपवून गावी निघाले होते, फुटपाथवर त्यांचे सोफे आणि दिवे पडलेले असायचे, आणि आत मी एका माणसाकडून त्याचा मोठेपणा काढून घेत बसलेली असायची. माझ्या मुलीला, मुक्ताला, कधीकधी बरोबर न्यायची. ती इथेच जन्मली, त्या वर्षी कॉलेजच्या प्रवेशासाठी स्वतःवर निबंध लिहीत होती, आणि चार मैत्रिणींच्या वाचन मंडळाची ती 'संस्थापक-अध्यक्ष' झालेली होती. ती त्यांना माल्कमकाका आणि जीनकाकू म्हणायची. जीनला 'काकू' इतकं आवडलं की फोनवर ती स्वतःच "काकू हिअर" म्हणायची.

"त्या तिहेरी भांड्याबद्दल सांग," मी माल्कमला म्हणायची. एकात एक अशी तीन भांडी, तिन्हींच्या मध्ये पोकळी, आणि आतल्या भांड्याची काच पापुद्र्यासारखी पातळ. एक मोठा प्रयोग त्यावर उभा होता.

"जमलं ते. बरं जमलं."

"दुसऱ्या कुणाला जमलं असतं?"

"बहुतेक. थोडा वेळ लागला असता."

"आधी कुणाला विचारलं होतं त्यांनी?"

"विचारलं होतं ना. तीन ठिकाणी."

"मग?"

"ते नाही म्हणाले. होण्यासारखं नाही म्हणाले."

मुक्ता लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "आई, ही इज लिटरली द ओन्ली वन. व्हाय कान्ट ही जस्ट से इट?"

"असं म्हणत नाहीत," माल्कम आणि मी एकदमच म्हणालो. मुक्तानं आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

एकदा मी त्याच्या कार्यशाळेतही गेले. गुलाबीसर चष्मा लावून तो ज्योतीसमोर बसला होता. काच मऊ पडत होती, दोन्ही हात तिला सारखे फिरवत होते आणि तो तोंडातल्या बारीक नळीतून मोजून फुंकत होता. ज्योत सोडली तर खोलीत कसला आवाज नव्हता. घरी बोलताना चाचरणारा, वाक्य अर्ध्यात सोडणारा हा मनुष्य तिथे एकदाही चाचरला नाही. मी अर्धा तास उभी राहिले आणि वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

इथली एक रीत आहे. कुणाकडे शिफारसपत्र मागितलं की तो आनंदानं हो म्हणतो आणि वर सांगतो, "ड्राफ्ट तूच पाठव, मी सही करतो." पाच प्राध्यापकांनी असंच सांगितलं. तेव्हा मी पाच जणांच्या आवाजात पाच पत्रं लिहिली. शोधनिबंधांच्या अगदी शेवटी, आभाराच्या ओळीत, माल्कमचं नाव किती वेळा येतं ते मुक्तानं शोधून दिलं. ती यादी इतकी लांबली की जीननं दुसऱ्यांदा चहा टाकला. लिहिताना मला वाटत होतं की आपण नेहमीसारखा रंग जरा गडद लावतोय. मग एका वयस्कर प्राध्यापकांकडून पत्र परत आलं. मी 'देशातल्या सर्वोत्तम कारागिरांपैकी एक' असं लिहिलं होतं. त्यांनी 'पैकी एक' पेनानं खोडून खाली सही केली होती.

सगळ्यात अवघड कागद माल्कमचा स्वतःचा होता. त्याच्या नावानं, 'मी'पासून सुरू होणारं निवेदन. तेही मीच लिहिलं. बाबांच्या मुलीनं एका इंग्रजाला इंग्रजी लिहून द्यावं, याची मला मनातून थोडी गंमतही वाटत होती. माल्कमनं ते वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"हा मनुष्य समोरून येताना दिसला तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन," तो म्हणाला.

"यात खोटं काय आहे?"

"खोटं काही नाही. तेच तर." तो उठून मागच्या अंगणात गेला आणि तिथे नुसताच उभा राहिला.

जीन भांडी विसळत होती. तिनं हात पुसले, दाराशी गेली आणि शांतपणे म्हणाली, "माल्कम, तिकडे परत जाऊन तू काय फुंकणार आहेस?"

इंग्लंडमधली त्याची जुनी कार्यशाळा बंद पडून दोन वर्षं झाली होती. बाकं काढून टाकली होती, त्या खोलीत आता विद्यार्थ्यांसाठी कॉफीचं दुकान आहे. परत गेला तर त्याला घर मिळालं असतं, पेन्शन मिळालं असतं, पावसाळी हवा मिळाली असती. ज्योतीसमोर बसायला जागा कुठेच मिळाली नसती. हे त्या दोघांनी मला कधी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी दारात उभी राहून ऐकलं. माल्कम आत आला आणि त्यानं सही केली.

जुलैत मंजुरी आली. पण मंजुरी म्हणजे व्हिसा नव्हे, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही माहीत असतं. जीनला ते माहीत नव्हतं, तिनं केक केला होता. जुन्या व्हिसाची मुदत संपायच्या आत देश सोडायचा, लंडनच्या वकिलातीत खिडकीसमोर उभं राहायचं, तिथल्या अधिकाऱ्याला पटलं तर पासपोर्टवर शिक्का, आणि मग परत. पटलं नाही तर हे घर, त्यातलं सामान आणि ती कार्यशाळा इकडेच राहणार. जीननं केकचे तुकडे केले आणि आम्ही ते गुपचूप खाल्ले.

मग तालीम. ओट्याच्या पलीकडे मी अधिकारी, अलीकडे माल्कम.

"व्हॉट इज एक्स्ट्राऑर्डिनरी अबाउट यू?"

"वेल, आय वुडन्ट से..."

"असं म्हणायचं नाही. पुन्हा."

त्यानं पुन्हा तेच म्हटलं. मुक्तानं अधिकारी होऊन पाहिलं, तिनं तर चक्क दरडावलं. मी त्याला तीन वाक्यं पाठ करायला लिहून दिली. ती तो माझ्यासमोर धडाधड म्हणायचा, पण प्रश्न विचारला की पहिल्याच शब्दावर अडायचा. जाण्याच्या आदल्या दुपारी जीननं किल्ली माझ्या हातात दिली, टोमॅटोला पाणी घालायला सांगितलं, आणि म्हणाली, "तो नाहीच म्हणू शकणार ते. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या अंगणात टोमॅटो तोडत होते. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. माझ्या स्वतःच्या मुलाखतीच्या वेळी वाटली होती त्याहून जास्त. तेव्हा निदान बोलायचं माझं मला होतं. इंग्लंडमध्ये दुपार झाली असणार, असा मी हिशेब करत होते, आणि फोन वाजला.

"काकू हिअर," जीन म्हणाली.

"काय झालं?"

"मिळाला गं. मिळाला." तिनं नाक शिंकरलं. "तरुण मुलगी होती खिडकीत. कागद चाळले, वर पाहिलं आणि विचारलं, इथे लिहिलंय की तुम्ही एक्स्ट्राऑर्डिनरी आहात, तर आहात का? मी डोळेच मिटले. मला वाटलं, संपलं."

"आणि?"

"आणि मग म्हणाला, 'माय नेबर सीम्स टू थिंक सो.' माझ्या शेजारणीचं तसं मत दिसतंय. ती मुलगी हसली, म्हणाली, दॅट्स गुड इनफ फॉर मी. म्हणजे आता तिच्यापुढे इतके कागद होते, त्यावरूनच दिला असणार तिनं. पण त्याचं उत्तर हे एवढंच."

मागून माल्कम काहीतरी पुटपुटत होता, बहुधा फोनचं बिल होतंय असं. जीननं मग बोलू म्हणून ठेवला.

मी टोमॅटोच्या वाफ्यात तशीच बसून राहिले. त्या मुलीपुढच्या कागदांत शेजारीण कुठेच नव्हती. पाच पत्रांवर पाच प्राध्यापकांच्या सह्या होत्या, निवेदनावर त्याची. माल्कमनं मात्र बरोबर ओळखलं होतं ते मत कुणाचं आहे. मला रडू आलं. तसं माझं मत होतंच, त्या कार्यशाळेत अर्धा तास उभी राहिले तेव्हापासून. पाच जणांच्या नावानं मी ते लिहिलं, त्याच्या स्वतःच्या नावानं लिहिलं. माझ्या तोंडानं त्याला एकदाही सांगितलं नव्हतं.